मॅडमना पोचवायला जाताना

आमच्या दारातून सोफा आत जाईना, म्हणून सेंगे लुसिकेने दारच काढून ठेवलं.

मी ओढ्यावरून पाण्याचा कॅन डोक्यावर घेऊन आले, तर घराला दार नाही! चौकट पेरूच्या झाडाला टेकवलेली, मातीच्या भिंतीचा हातभर लचका खाली पडलेला, आणि शेजारच्या खाएम्बाच्या आईचा तीन जणांचा तपकिरी सोफा अर्धा घरात, अर्धा अंगणात, मधोमध अडकलेला. आतून कुखू ओढतेय, बाहेरून सेंगे ढकलतेय आणि खाएम्बाची आई बाजूला उभी राहून ओरडतेय, "अगं, कापड फाटेल माझं! कापड!"

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"कॅन ठेव आणि ढकल," सेंगे म्हणाली.

कुखू म्हणजे माझी आजी, नाखुमिचा. सेंगे म्हणजे आत्या; लुसिके कुखूची मुलगी, माझ्या वडिलांची बहीण. तिला दोन टेकड्यांपलीकडे दिलंय, पण आमच्या घरात काही व्हायचं असलं की ते व्हायच्या आधी ती हजर. माझे वडील मी चार वर्षांची असताना गेले, आई त्यानंतर दोन वर्षांनी. तेव्हापासून घरात कुखू आणि मी, बस्स. सोफा कधीच नव्हता.

आणि आजच्या दिवशी तर तो मुळीच नको होता!

कारण आज संस्थेच्या मॅडम येणार होत्या. आठवीच्या परीक्षेत मला पाचशेपैकी तीनशे एक्याण्णव पडले होते. डोंगराकडच्या मुलींच्या बोर्डिंग शाळेचं बोलावणंही आलं होतं. पण त्या शाळेचा खर्च करायचा कोणी? ही संस्था आईबाप नसलेल्या मुलींची चार वर्षांची फी, गणवेश, वह्या, सगळं उचलते. त्याआधी त्यांचं माणूस घरी येतं, बसतं, विचारतं, लिहितं. फॉर्मवर शेवटी दोन चौकोन असतात. 'गरज आहे' आणि 'गरज नाही.' त्यातल्या एकात खूण. झालं.

दुसऱ्या चौकोनात खूण पडली, तर माझं काय होणार तेही ठरलेलं होतं. एल्डोरेट शहरात सेंगेच्या नणंदेकडे जायचं, तिची जुळी सांभाळायला. "दोन वर्षं सांभाळ, मग बघू शाळेचं," असं सेंगे म्हणाली होती. हे 'मग बघू' मला चांगलं माहीत आहे. माझ्या वर्गातली नासाम्बू सहावीत असताना अशीच 'मग बघू' करून गेली. अजून बघतायत.

म्हणून आमच्या वेपुखुलू सरांनी मला दहा वेळा बजावलं होतं, "नेलिमा, घर आहे तसं दाखवा. काही झाकू नका." मी ते घरी येऊन शब्दन् शब्द सांगितलं होतं. कुखूने मान डोलावली होती. "हो हो," म्हणाली होती. आणि आता ही म्हातारी सोफ्याचा पाय धरून ओढत होती.

"कुखू! सर काय म्हणाले होते?"

"सरांच्या घरी पाहुणे आले की सर त्यांना कशावर बसवतात?"

"खुर्चीवर, पण..."

"मग?"

"पण आपल्याकडे खुर्ची नाही हेच तर तिला बघायचंय!"

"ऐकलंस लुसिके?" कुखू सोफ्याच्या पलीकडून म्हणाली. "माझी सवत म्हणते, पाहुणीला जमिनीवर बसवू." आमच्याकडे आज्या नातींना सवतच म्हणतात, एकाच म्हाताऱ्याच्या दोन बायका असल्यासारख्या. म्हातारा जाऊन वीस वर्षं झाली तरी चिडवणं चालूच.

"तोंड फुटलंय हिला," सेंगे धापा टाकत म्हणाली. "त्या ट्रॅक्टरपासून."

ते मात्र खरं होतं. सहावीपर्यंत मी इतकी गप्प असायचे की हजेरीला सर दोनदा नाव घ्यायचे. मग मागच्या वर्षी वादविवादात बोलणारी मुलगी तापाने पडली आणि सरांनी ऐनवेळी मला उभं केलं. विषय होता, गाय बरी की ट्रॅक्टर. माझ्या वाट्याला ट्रॅक्टर आला. आमच्या गावात ट्रॅक्टर एकही नाही, पण मी असा काही चालवला की तीन शाळांना हरवलं! लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्या दिवसापासून मला वाटायला लागलं की मी कुणालाही काहीही पटवू शकते. माझ्या घरातल्या दोन बायका सोडून, हे मात्र मला त्या सकाळी कळलं.

सोफा एकदाचा आत गेला. मग एकामागून एक बाकीच्या वस्तू यायला लागल्या. चर्चच्या महिला मंडळाची विणलेली पांढरी कापडं, सोफ्याच्या पाठीवर आणि हातांवर टाकायला. मबोंगा म्हाताऱ्याचा लाल थर्मास. सरांच्याच बायकोचे सोनेरी काठाचे कप! म्हणजे सर मला सांगतात झाकू नका आणि त्यांची बायको कप पाठवते. भिंतीवर घड्याळ लागलं, कुणाचं ते विचारू नका. ते चार वाजून दहा मिनिटांवर बंद होतं. आणि सगळ्यावर कळस म्हणजे मबोंगा म्हाताऱ्याने आपली गायच आणून आमच्या पेरूला बांधली. "दाराशी जनावर असलं की घर कसं भरल्यासारखं वाटतं," तो म्हणाला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून गेला. आशीर्वाद म्हणून!

दार परत बसवेपर्यंत मोटरसायकलचा आवाज आला. आपल्या वांग्वेची गाडी होती, चौकात भाड्याने असते ती. मागे मॅडम. धुरळ्याने पायापासून भुवयांपर्यंत लाल झालेल्या, छातीशी फाइल धरलेली. वांग्वेने त्यांना अगदी दाराशी, गायीच्या तोंडाशी आणून उतरवलं.

मॅडमचं नाव मुथोकी. लांबून आलेल्या, तिकडच्या मचाकोसच्या. उंच, बारीक, बोलणं तुटक पण मऊ. आत पाऊल टाकलं, सोफा बघितला आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. थकलेल्या माणसाला बसायला मऊ जागा दिसावी, ते हसू.

"अगं बाई, किती छान ठेवलंय घर," त्या म्हणाल्या आणि बसल्या.

संपलं, मी मनात म्हटलं. एल्डोरेट.

त्यांनी फाइल उघडली. भिंतीवरच्या घड्याळाकडे त्यांची नजर गेली आणि त्या ताडकन उठल्या. "चार वाजून गेले?" मग मोबाइल बघितला. साडेअकरा. पुन्हा बसल्या. सेंगेने लगेच थर्मासमधून चहा ओतला.

"छप्पर पत्र्याचं. गळतं का?"

"आमचं? छे!" सेंगे म्हणाली. जिथे जिथे भोकं होती तिथे तिने भरतकामाचा पडदा ताणून बांधला होता. मॅडमनी वर बघितलं. "सुंदर आहे," म्हणाल्या आणि काहीतरी लिहिलं.

"दिवसातून किती वेळा जेवता?"

"एक..." मी तोंड उघडलं.

"एकसारखं काही ना काही चालूच असतं," सेंगेने माझं वाक्य पळवलं आणि मॅडमच्या नकळत माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

"गुरं?"

कुखू शांतपणे म्हणाली, "दाराशी गाय बांधलेली आहे."

खोटं नाही बोलली ती! माझी आजी त्या अख्ख्या तासात एक शब्दही खोटा बोलली नाही, हे मी शपथेवर सांगते. झोपता कुठे? घरात. पाणी? ओढा जवळ आहे. तब्येत? देवाने आजचा दिवस दाखवला. प्रत्येक उत्तर खरं आणि प्रत्येक उत्तराने मी एकेक हात खड्ड्यात. मॅडमचं पेन सरसर चालत होतं.

"मॅडम, हा सोफा..." मी पुन्हा सुरुवात केली.

"नेलिमा, मीठ बघ," कुखू म्हणाली.

"कुखू, मीठ आहे इथे."

"मग दुसरं मीठ बघ."

मी स्वयंपाकाच्या झोपडीकडे निघाले, तर सेंगेही माझ्यामागून आली, मक्याच्या पिठाच्या उगालीचं भांडं चुलीवरून उतरवायला. कोंबडी शिजली होती. कुखूची अंड्यावरची कोंबडी, घरातली एकुलती एक. आता सेंगेला नवाच प्रश्न पडला. कोंबडीचा पेटा, कलेजीशेजारचा तो चिवट तुकडा, आमच्याकडे घरच्या कर्त्या पुरुषाचा, नाहीतर मानाच्या पाहुण्याचा. पण पाहुणी बाई!

"बाईला पेटा कसा वाढायचा?" सेंगे पळी धरून उभी. "पण नाही वाढला तर म्हणेल, मान ठेवला नाही."

"सेंगे, माझं आयुष्य चुलीत चाललंय आणि तू पेटा काय घेऊन बसलीस!"

"आयुष्य नंतर. उगाली गार होते." तिने जरा विचार केला. "फाइल घेऊन आलीय ना? मग आज ती पुरुषच." आणि पेटा मॅडमच्या ताटात टाकला.

मॅडम पोटभर जेवल्या. झोपडीच्या मागे सावलीत वांग्वेही जेवत होता. जेवण झाल्यावर मॅडमनी हात धुतले, फाइल मांडीवर घेतली आणि माझ्याकडे बघितलं.

"नेलिमा, गुण फार छान आहेत तुझे. माझ्या यादीत सगळ्यांत वरचे. पण मी आज सकाळी ज्या घरात गेले, तिथल्या आजोबांनी मला पालथ्या बादलीवर बसवलं. तुझ्यावर देवाची कृपा आहे, माणसं आहेत, घर भरलेलं आहे. समजून घेशील ना?"

पेन त्या दोन चौकोनांच्या वर थांबलं होतं. माझ्या जिभेवर सगळं आलं. कप सरांच्या बायकोचे, थर्मास मबोंगाचा, गाय मबोंगाची, घड्याळ बंद, पडद्यामागे भोकं, कोंबडी आता तुमच्या पोटात! ट्रॅक्टरसारखं बोलू शकले असते मी. पण समोर कुखू बसली होती, सोफ्यावर नाही, सोफ्याशेजारी चटईवर, पाय लांब करून, आणि तिने माझ्याकडे जे बघितलं त्याने माझी जीभ जागच्या जागी राहिली. पाहुण्यांसमोर नातीने तिला खोटं पाडायचं? मग तिला या गावात पाण्याला कोणत्या तोंडाने जाता येईल?

"जरा हात धुऊन येते," असं काहीतरी बरळून मी बाहेर पळाले.

कुखू मागोमाग आली. तिने माझा दंड धरला आणि मला चुलीपाशी नेलं.

"रडू नकोस. नाक पूस."

"कुखू, ती 'गरज नाही'वर खूण करणार आहे! तुम्ही दोघींनी मिळून मला..."

"घरात नाही बोलायचं ते," कुखू हळूच म्हणाली. "जो माणूस माझ्या घरात माझा चहा पितोय, त्याच्यासमोर मी भूक मांडू? त्याच्या घशाखाली घोट उतरेल का? तिला पोचवायला जाताना सांगणार आहे मी सगळं. रस्त्यावर. कुंपण ओलांडलं, ओढा ओलांडला, की ती पाहुणी नाही आणि मी यजमान नाही. मग दोन बायका बोलतात. असंच करतात. माझ्या आईने असंच केलं, मी तुझ्या बापासाठी असंच केलं. तुला काय वाटलं, मी खुळी आहे?"

म्हणजे सकाळपासून हिच्या डोक्यात सगळं बेतलेलं होतं! आणि मला एका अक्षराने सांगितलं नाही. आणि बेत चांगला होता, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागत होतं. आमच्याकडे खरं बोलणं निघताना, रस्त्यावरच होतं. लग्नं सुद्धा रस्त्यावर ठरतात. बेतात फक्त एकच खोट होती.

"कुखू," मी म्हटलं. "मॅडम मोटरसायकलवर आल्यात."

"मग?"

"मग त्या दारातून मोटरसायकलवर बसतील आणि जातील! पोचवणार कुणाला? धुरळ्याला?"

कुखूचा चेहरा असा कधी बघितला नव्हता मी. आयुष्यभर तिच्याकडे जे आले ते चालत आले होते आणि चालत गेले होते. तिने दाराशी उभ्या गाडीकडे बघितलं, पहिल्यांदाच बघितल्यासारखं. तिचा हात माझ्या दंडावरून सुटला.

आणि मला कसं कोण जाणे, एकदम हलकं वाटलं. कारण हे मला जमण्यासारखं होतं!

वांग्वे झोपडीमागे बोटं चाटत होता.

"ए वांग्वे, गाडी घे आणि डांबरी रस्त्यावरच्या गिरणीपाशी जाऊन थांब."

"आणि मॅडम?"

"चालत येतील."

"मॅडमना माहीत आहे?"

"कळेल."

तो हसायला लागला. "मार खाशील, पोरी. अजून तीन घरं आहेत त्यांची. मला विचारलं तर मी सरळ तुझं नाव सांगणार."

"सांग. नेलिमा. दोनदा सांग." मी भांड्यात उरलेली तंगडी उगालीच्या गोळ्यावर ठेवून त्याच्या हातात दिली. "आणि इंजिन चालू करू नकोस. उतारावरून तशीच सोड."

मोटरसायकल आवाज न करता गायीच्या शेपटीजवळून निघून गेली. मी वळले तर मॅडम दारात उभ्या. फाइल बंद. खूण केली होती की नव्हती, देव जाणे.

"माझी गाडी कुठे आहे?"

सेंगेने छातीवर हात मारला. "चोरली! त्या मेल्याने..."

"मी पाठवली," मी म्हटलं.

सेंगेचा हात छातीवरच राहिला. गायसुद्धा रवंथ करायची थांबली, असं मला वाटलं.

"काय?"

"मी पाठवली, मॅडम. गिरणीपाशी थांबलीय. पंचवीस मिनिटांची वाट आहे. आमच्याकडे पाहुण्याला चालत पोचवतात. तुम्ही जेवून तशाच गाडीवर बसून गेलात, तर माझी आजी आठवडाभर झोपणार नाही."

"मुली, तुला काही कळतंय का?" मॅडमच्या मऊ आवाजाला आता धार आली. "मला अजून तीन घरं करायचीत. ऊन बघितलंस? आणि तू न विचारता माझी गाडी... हे मी फॉर्मवर लिहीन हां."

ट्रॅक्टरच्या वेळेसारखी मी हनुवटी वर केली.

"लिहा, मॅडम. पण आधी चला."

त्यांनी मोबाइल वर धरला. रेंज नाही. पुन्हा धरला. नाही. आणि तेवढ्यात कुखू आली, खांद्यावर ठेवणीतलं लेसो, बायका पांघरतात ते छापील कापड, टाकून, आणि तिने काही न बोलता मॅडमचा हात आपल्या हातात घेतला. म्हाताऱ्या बाईने हात धरला की मचाकोसचं माणूस काय आणि आमच्याकडचं काय, सोडवून घेता येत नाही. मॅडमनी एक लांब श्वास सोडला आणि पाऊल टाकलं.

माझ्याकडे मॅडमची पिशवी आली. मी मागे. कुंपण आलं, गेलं. कुखू गप्प. मक्याचं रान लागलं, तरी गप्प. बोल ना, बोल ना, मी मागून दात खात होते. वाट सरत चालली होती. ओढ्यावरच्या ओंडक्यावरून कुखूने मॅडमना हाताला धरून पार केलं आणि पलीकडे पाय टेकला मात्र, तिने तोंड उघडलं.

आता ऐकायला मिळणार म्हणून मी चार पावलं पुढे घुसले.

"ए सवती," कुखू वळूनही न बघता म्हणाली. "मागे."

असा राग आला मला! आयुष्य कुणाचं? माझं. गाडी कुणी पाठवली? मी. आणि मी मागे, शेळीसारखी! मला फक्त दोन पाठी दिसत होत्या. कुखूची बोटं दिसत होती. एक बोट, दोन, तीन, मग दुसरा हात. तिने घराकडे हात केला. गुडघ्यापाशी हात नेऊन काहीतरी एवढं-एवढं दाखवलं. ती मी होते का? वर पत्र्याकडे दाखवावं तसं आभाळाकडे दाखवलं. मॅडम थांबल्या. मॅडमनी फाइल उघडली, कुखूने ती आपल्या हाताने मिटली, आणि दोघी पुन्हा चालायला लागल्या.

आणि मग दोघी हसायला लागल्या.

हसायला! आमच्या हालांची यादी सांगताना त्यात हसण्यासारखं काय होतं? मॅडम तर इतक्या हसल्या की वाटेतच वाकल्या, चपलेतून पाय निसटला. मग त्यांनी डोळे पुसले. ते हसून आलेलं पाणी होतं की दुसरं, मला अंतरावरून काय कळणार? मी ऊस वाढलेल्या बांधावरून पुढे जाऊन कान देऊन बघितलं. उसाच्या पात्यांनी हात ओरबाडला आणि ऐकू आलं काय, तर फक्त, "...आणि ते घड्याळ..."

गिरणीपाशी वांग्वे गाडीला टेकून वाट बघत होता. मॅडमनी त्याच्याकडे बघितलंही नाही. फाइल गाडीच्या सीटवर ठेवली, पेन काढलं आणि पानावर सरळ रेघा मारायला लागल्या. सोफ्यावर रेघ. गायीवर रेघ. जेवणावर रेघ, शेजारी नवा आकडा.

"आजी, जिथे खोडलं तिथे अंगठा लागेल तुमचा."

शाईची डबी निघाली. कुखूने अंगठा दाबला. पुन्हा रेघ, पुन्हा अंगठा. नऊ वेळा. ते पान म्हणजे कोंबडी शाईतून चालत गेल्यासारखं दिसत होतं.

"ऑफिसात विचारतील मला, हे काय आहे म्हणून," मॅडम म्हणाल्या.

"त्यांना म्हणावं, या. चहा घ्या," कुखू म्हणाली. "आणि चालत जा."

मग मॅडमनी शेवटचं पान उलटलं. मी वाकून बघितलं. दोन्ही चौकोन रिकामे होते. म्हणजे घरात पेन नुसतंच वर थांबलं होतं! त्यांनी पहिल्या चौकोनात खूण केली. मोठी, ठसठशीत. त्याखाली दोन ओळी लिहिल्या.

"समिती ठरवते, मी नाही," त्या मला म्हणाल्या. "पण समिती माझं वाचते. तुझ्याबद्दलही एक ओळ लिहिली आहे."

"काय?"

"ते ऑफिससाठी आहे." पिशवी माझ्या हातातून घेऊन त्या गाडीवर बसल्या. "आणि पुढच्या वेळी माझी गाडी पाठवायच्या आधी मला विचारायचं."

"विचारलं असतं तर चालला असतात, मॅडम?"

त्यांनी क्षणभर विचार केला. "नाही."

"मग?"

"वांग्वे, चला," त्या म्हणाल्या.

धुरळा खाली बसायच्या आत मी कुखूला विचारलं, "काय सांगितलंस?"

"तिला सांगितलं."

"ते बघितलं मी. काय सांगितलंस? हसलात कशाला? घड्याळाचं काय? माझ्याबद्दल काय म्हणालीस?"

"तू पाहुणी आहेस का?"

"नाही!"

"मग चल घरी. सोफा परत द्यायचाय."

ओढ्यापर्यंत विचारलं. ओंडक्यावर विचारलं, मक्यात विचारलं. एवढी वर्षं एका चटईवर झोपतोय आम्ही, आणि आमच्याबद्दल मचाकोसच्या बाईला जे माहीत आहे ते मला माहीत नाही! घरी पोचलो तर सेंगेने पुन्हा दार काढलं होतं आणि सोफा बाहेर निघताना खाएम्बाच्या आईचं कापड फाटलंच. त्यावरून दोघींची जी जुंपली ती संध्याकाळपर्यंत चालली. मबोंगाची गाय तेवढ्यात आमची पेरूची खालची डहाळी खाऊन गेली.

सव्वीस दिवसांनी पत्र आलं. वेपुखुलू सरांनी ते स्वतः सायकलवरून आणलं आणि अंगणात उभं राहून मोठ्याने वाचलं. माझी निवड झाली होती. चारही वर्षं. मी इतक्या जोरात किंचाळले की सेंगे दोन टेकड्यांपलीकडून ऐकून आली असती, पण ती आधीच आलेली होती. "पेटा!" ती सगळ्यांना सांगत सुटली. "मी पेटा वाढला म्हणून!" खाएम्बाची आई म्हणाली, सोफ्यावर बसल्यावर माणसाचं मन मऊ होतं. सरांच्या बायकोचं म्हणणं होतं कप. वांग्वे चौकात सांगत होता की खरं काम त्याच्या गाडीने केलं. मी त्यांना समजावायचं बंद केलं. कुणी ऐकत नाही.

कुखूने पत्र हातात घेतलं, उलटं धरलं, सुलटं केलं, घडी घातली.

"कधी निघायचं?"

"सोमवारी."

"मग केस काढायला हवेत. बोर्डिंगात केस वाढवलेल्या पोरी घेत नाहीत."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले, पाठ तिच्या गुडघ्यांना लावून. ती कात्रीने आधी मोठे केस काढत गेली. पहिल्या झुपक्यानंतर मान एकदम गार पडली.

"कुखू," मी म्हटलं. "आता तरी सांग. सोमवारी मी जातेय. काय सांगितलंस त्यांना?"

कात्री माझ्या उजव्या कानापाशी थांबली.

"मान हलवू नकोस," ती म्हणाली. "कान कापला जाईल."